ऑर्डर मॅनेजमेंट सॉफ्टवेअर बसवण्याआधी: माल, नावं आणि पत्ते कसे लावून घ्यायचे

आमच्या भागात, म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडे, कांदा-लसूण मसाल्याला घराघरांत ‘चटणी’च म्हणतात. गावाकडचं गिऱ्हाईक फोनवर "दोन किलो चटणी पाठवा" म्हणतं तेव्हा त्याला तो मसाला हवा असतो. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक ‘चटणी’ म्हणतं तेव्हा त्याच्या मनात शेंगदाण्याची नाहीतर लसणाची कोरडी चटणी असते. आमच्या घरच्या मसाल्याच्या धंद्याचं काम वहीवर चालत होतं तोवर आईला आवाजावरून कळायचं कोणाला काय हवंय. ऑर्डरी फोन, व्हॉट्सॲप, दुकानदार, ॲमेझॉन आणि स्वतःची वेबसाइट अशा पाच वाटांनी यायला लागल्या, तेव्हा आम्ही सगळीकडच्या ऑर्डरी आणि साठा एका जागी सांभाळणारं ऑर्डर मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घेतलं आणि होत्या तशा सगळ्या फायली त्यात भरल्या. त्यात ‘चटणी’ नावाच्या तीन वेगळ्या वस्तू होत्या. तीन आठवड्यांत चुकीची इतकी पार्सलं गेली की आम्ही ते बंद करून पुन्हा वही उघडली.

दुसऱ्या वेळी आधी दीड महिना फक्त तयारी केली. तेच सॉफ्टवेअर आज नीट चालतंय. त्या दीड महिन्यात काय केलं ते इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणं मसाल्यांची आहेत, पण तुम्ही साड्या विकत असाल, काजू विकत असाल किंवा मोटारीचे सुटे भाग, काम तेच आहे: एका वस्तूला एकच नाव, एकच कोड आणि एकच माप, आणि ते ठरवणारा माणूसही एकच. आमच्याकडे तो माणूस बहीण आहे. नवी वस्तू तिला विचारल्याशिवाय यादीत चढत नाही.

पहिला आठवडा: ऑर्डर कुठून येते, कुठे जाते

संगणकाला हात लावू नका. एक वही घ्या आणि आठवडाभर येणारी प्रत्येक ऑर्डर त्यात लिहा. कुठून आली, कोणी घेतली, पैसे कधी आले, माल कोणी काढला, पॅक कोणी केला, कशाने गेला. मालकाला वाटतं हे सगळं आपल्याला पाठ आहे. आम्हालाही तसंच वाटायचं. आठवडा संपला तेव्हा कळलं की पॅकिंगच्या मावशींच्या स्वतःच्या फोनवर ऑर्डरी येतात, दोन दुकानदारांचा माल एसटीच्या पार्सलने जातो आणि त्याची नोंद फक्त पावतीवर असते, आणि एक जुने गिऱ्हाईक महिन्याचा माल उधारीवर नेऊन पंधरा तारखेला पैसे देतात.

यातून ऑर्डरच्या अवस्था ठरवा. आमच्या अशा आहेत: आली, पैसे मिळाले किंवा उधारी मान्य, माल राखून ठेवला, पॅक झाली, रवाना, पोहोचली. बाजूला दोन: रद्द आणि परत आली. सॉफ्टवेअर वीस अवस्था दाखवेल, त्यातल्या आपल्याला लागतील तेवढ्याच चालू ठेवा. ‘माल राखून ठेवला’ ही अवस्था मात्र कधीही गाळू नका. गोडाऊनमध्ये दहा बरण्या दिसतात आणि त्यातल्या सात कोणाच्या तरी नावावर असतात, अशा वेळी विकायला तीनच उरतात. एकच बरणी दोघांना विकली जाते ती इथेच.

कॅश ऑन डिलिव्हरीचं परत येणारं पार्सल हाही वेगळा विषय आहे. ते आल्यावर कोण उघडणार, पाकीट फुटलंय का कोण बघणार, आणि माल पुन्हा विक्रीच्या फळीवर जाणार की नाही, हे आत्ताच ठरवा. खाण्याच्या वस्तूंबाबत आमचा नियम कडक आहे: सील हललेलं दिसलं की तो माल विक्रीतून बाद.

आयटम मास्टर: इथे घाई करू नका

आयटम मास्टर म्हणजे आपण विकतो त्या सगळ्या वस्तूंची एकच पक्की यादी. तयारीतला निम्मा वेळ यात जाऊ द्या. सगळ्या जागच्या याद्या एका शीटमध्ये ओता: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली, वेबसाइटवरची, ॲमेझॉनच्या पॅनेलमधली, दुकानदारांना पाठवतो तो दरपत्रकाचा कागद. आम्ही विकत होतो चाळीसेक वस्तू, आणि नावं भरली शंभरावर. ‘कांदा लसूण मसाला ५०० ग्रॅम’, ‘कां.ल.म. अर्धा किलो’, ‘चटणी ५००’, ‘कोल्हापुरी मसाला अर्धा’ ही चारही एकाच पुड्याची नावं. याद्या घेऊन फळीसमोर उभं राहायचं, पुडा हातात घ्यायचा आणि त्याची किती नावं आहेत ते मोजायचं. टेबलावर बसून हे होत नाही.

वजन बदललं की वस्तू वेगळी, हे पक्कं धरा. २०० ग्रॅमचा पुडा आणि ५०० ग्रॅमचा पुडा या दोन ओळी, दोन कोड. बरणी आणि पाऊच यांचंही तसंच.

प्रत्येकाला एसकेयू, म्हणजे वस्तू ओळखायचा आपला स्वतःचा कोड द्या. कोड इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा, कारण तो स्कॅनरला, ॲमेझॉनला आणि कुरियरच्या लेबलला वाचायचा असतो. आमचे नियम थोडे आहेत. कोड शून्याने सुरू होत नाही. मध्ये मोकळी जागा नसते. ओ हे अक्षर वापरत नाही, कारण शून्याशी गल्लत होते. ‘नवीन’, ‘स्पेशल’, ‘दिवाळी’ असले शब्द कोडमध्ये येत नाहीत, कारण पुढच्या वर्षी ते खोटे ठरतात. आणि बंद झालेल्या वस्तूचा कोड दुसऱ्या वस्तूला कधीही देत नाही, नाहीतर जुन्या ऑर्डरी उघडल्या की भलताच माल दिसतो.

मग जोडणीचा तक्ता. ॲमेझॉन प्रत्येक वस्तूला स्वतःचा दहा अक्षरी क्रमांक, म्हणजे एएसआयएन देतं, दुसरी दुकानं त्यांचे क्रमांक देतात, टॅलीतलं नाव आणखी निराळं. एका ओळीत आपला कोड आणि पुढच्या रकान्यांत इतर सगळ्यांचे क्रमांक, असा तक्ता बनवा. सॉफ्टवेअरवाले याला मॅपिंग म्हणतात. हा तक्ता चुकला की ऑर्डर येते पण माल भलत्याच वस्तूतून वजा होतो, आणि ते पंधरा दिवसांनी कळतं.

मापाचा घोळ दुकानदारांच्या ऑर्डरीत होतो. ते पेटीत बोलतात, गिऱ्हाईक पुड्यात बोलतं, गोडाऊनमधला माणूस गोणीत मोजतो. मूळ माप एकच ठरवा. आमचं मूळ माप पुडा आहे आणि २०० ग्रॅमच्या पेटीत २४ पुडे, ५०० ग्रॅमच्या पेटीत १२ असं तिथेच लिहून ठेवलंय. २०० ग्रॅमची ‘२ पेटी’ अशी ऑर्डर भरली की ४८ पुडे वजा व्हायला हवेत, २ नव्हे. विकत घेताना डेमोमध्ये नेमकं हेच करून दाखवायला सांगा.

दिवाळीच्या फराळाचा डबा हा असाच अवघड मामला. डब्यात चिवडा, चकली, शंकरपाळे, लाडू. डबे ऑर्डर आल्यावर भरत असाल, तर डब्याचा वेगळा साठा ठेवू नका, विक्री झाली की आतल्या चार वस्तू वजा होतील अशी मांडणी करा. आधीच शंभर डबे भरून ठेवत असाल, तर तो डबा स्वतःच एक वस्तू, आणि भरतानाच आतला माल वजा करायचा. दोन्ही एकदम ठेवलं की साठा कधीच जुळत नाही.

करांचा रकाना सीएकडून तपासून घ्या आणि त्यापुढे तपासल्याची तारीख लिहा. आमच्या जुन्या फायलीत लोणच्यापुढे १२ टक्के जीएसटी लिहिलेला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणचं ५ टक्क्यांत आलं. मसाले ५ टक्क्यांतच होते, पापडावर कर नाही. एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा कोड, ४ अंकी लागतो की ६ अंकी, हे उलाढालीवर ठरतं. ५ कोटींच्या वर असाल तर ६ अंकी. आणि प्रत्येक दर करासह आहे की कराविना, हे वेगळ्या रकान्यात लिहा. छापील किमतीत कर धरलेला असतो, दुकानदाराच्या दरपत्रकात बहुधा नसतो. एकाच रकान्यात दोन्ही मिसळले की प्रत्येक बिल थोडं थोडं चुकत राहतं.

खाद्यपदार्थ असतील तर बॅच क्रमांक आणि वापरण्याची शेवटची तारीख हे रकाने पहिल्या दिवसापासून हवेत, आणि ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी निघेल अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये चालू करून घ्या.

वजनाचे रकाने दोन ठेवा: आतल्या मालाचं आणि पॅक केलेल्या पार्सलचं. शिवाय खोक्याची लांबी, रुंदी, उंची. बरेच कुरियर सेंटिमीटरमधली तिन्ही मापं गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. ३० बाय २५ बाय २० चं खोकं म्हणजे ३ किलो. त्यात दीड किलो मेतकूट भरलं तरी बिल ३ किलोचंच. खोकी मोजायला बसलो तेव्हा आम्ही दोन मापांची खोकी वापरायचीच सोडली.

गिऱ्हाइकांची यादी

ओळख मोबाइल क्रमांकावर ठेवा, नावावर नको. ‘कुलकर्णी मॅडम पुणे’ या नावाने आमच्या तीन फोनमध्ये पाच जणी होत्या. क्रमांक आधी एकाच साच्यात आणा: दहा आकडे, पुढे शून्य नाही, ९१ नाही, मध्ये जागा नाही. एवढं केलं की निम्म्या दुहेरी नोंदी आपोआप उघड्या पडतात.

पत्त्याचे तुकडे करा. आपल्याकडच्या गावाकडच्या पत्त्याची ठेवण मुळातच छान आहे: मु., पो., ता., जि. तेच रकाने ठेवा, शेवटी पिनकोड. ‘मारुती मंदिरासमोर’, ‘पाण्याच्या टाकीजवळ’ ही खूण वेगळ्या रकान्यात जाऊ द्या, पण काढून टाकू नका. डिलिव्हरीच्या मुलाला तीच लागते. पिनकोड सहा आकडी आहे ना, आणि महाराष्ट्र-गोव्याचा असेल तर ४ ने सुरू होतो ना, एवढी चाळणी लावली तरी बऱ्याच चुका सापडतात.

जिल्ह्यांची नावं हा आपल्याकडचा खास प्रश्न. एकाच यादीत औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर अशी दोन-दोन नावं येतात आणि संगणक त्यांना सहा वेगळी ठिकाणं मानतो. आजचं नाव एकदा ठरवा, जुनं शोधून बदला. कुरियरच्या यादीत जुनं नाव निघालं तर अडू नये म्हणून पिनकोडवर भिस्त ठेवा.

दुकानदारांचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे पॅन. राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र आणि क्रमांक ३० ने सुरू, असं दिसलं की थांबा आणि त्या दुकानदाराला फोन करा. सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा कर) लागणार की आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा), ते राज्यावर ठरतं. उधारीची मर्यादा आणि मुदत हे दोन रकानेही याच यादीत हवेत, आणि तिथले आकडे दुकानदाराशी बोलूनच भरा.

दहा वर्षांपूर्वीची गिऱ्हाइकं नव्या यादीत आणू नका. आम्ही दोन वर्षांची आणली, बाकीची फाईल बाजूला जपून ठेवली. आणि हे सगळं करताना लोकांचे फोन-पत्ते असलेली फाईल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. माणसांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायदा नसता तरी ती जपायलाच हवी.

फाईल बिघडते ती अशी

हा भाग कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील, तर त्या दिसतात मराठी पण आत इंग्रजी अक्षरं असतात. ओळखायची सोपी युक्ती: मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. अगम्य इंग्रजी अक्षरं आली तर तो जुना फाँट. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या मराठीत बदलून घ्यावा लागतो. बदलणारी साधनं मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात. नावांची यादी एकदा माणसाने डोळ्यांखालून घालायलाच हवी. आमच्या वडिलांनी दोन दुपारी बसून ती वाचली आणि सगळी आडनावं सरळ केली.

संख्या मराठी आकड्यांत लिहिलेल्या असतील तर त्या इंग्रजी आकड्यांत आणा. ‘५००’ हे आपल्याला पाचशे दिसतं, सॉफ्टवेअर त्याला शब्द समजून बेरजेतून वगळू शकतं.

एक्सेल पुढचे शून्य खातं. मिरची पावडरचा एचएसएन ०९०४ आणि हळदीचा ०९१०, दोन्ही शून्याने सुरू. फाईल उघडून नुसती सेव्ह केली तरी ते ९०४ आणि ९१० होतात. १३ आकडी बारकोड ८९० ने सुरू होतो, पण एक्सेलमध्ये नुसता टाकला तर तो दशांश आणि ई असलेल्या विचित्र रूपात दिसतो आणि सीएसव्ही (सॉफ्टवेअरमध्ये चढवायची साधी फाईल) करताना तसाच बिघडून जाऊ शकतो. म्हणून माहिती भरण्याआधीच असे रकाने ‘टेक्स्ट’ करा: एचएसएन, बारकोड, मोबाइल, पिनकोड, बॅच. सीएसव्ही सेव्ह करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

तारखेचंही पाहा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? लोणच्याची मुदत अशी उलटली तर चांगला माल बाद होतो किंवा बाद माल विकला जातो. महिना अक्षरांत लिहिला तर शंका उरत नाही.

मूळ फाईलला कधीही हात लावू नका. तिची प्रत काढा, नावात तारीख घाला, प्रतीवर काम करा.

मोजणी, आणि ती कधी करायची

सीए सांगतील १ एप्रिलपासून सुरू करा. हिशेबाला ते सोयीचं आहे, पण आमच्या धंद्यात मार्च ते मे म्हणजे वर्षाच्या मसाल्याचे दिवस. मिरच्या वाळवणं, कांडप, ऑर्डरींची रांग. तेव्हा नवी पद्धत आणणं चुकीचंच. दिवाळीआधीचे दोन महिनेही नकोत. आम्ही आषाढ निवडला. तुमच्या धंद्याचा संथ महिना तुम्हाला माहीत आहे, तोच घ्या. वर्षाच्या मध्ये बिलांची नवी मालिका चालू करता येते. क्रमांक १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा, म्हणून नव्या मालिकेला वेगळं आद्याक्षर द्या.

मोजणी शेवटचं पार्सल गेल्यावर संध्याकाळी करा आणि संपेपर्यंत आवक-जावक बंद ठेवा. दोघांनी मिळून करायची: एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. मोजणाऱ्याला वहीतला आकडा आधी सांगू नका. आकडा माहीत असला की माणूस नकळत तोच मोजतो. चार आकडे वेगळे लिहा: फळीवरचा चांगला माल, राखून ठेवलेला, खराब झालेला, आणि वाटेत असलेला परतीचा माल. हाच तुमचा ओपनिंग स्टॉक, म्हणजे सुरुवातीचा साठा. वहीतला आकडा जुळला नाही तर फळीवरचाच खरा माना.

यंत्रं आणि माणसं

इथे फार लिहायला नको. इंटरनेट गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट, वीज गेली तर यूपीएस, कुरियरच्या लेबलसाठी ४ बाय ६ इंचाचा थर्मल प्रिंटर. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. एकच पासवर्ड सगळ्यांना दिला की चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते शोधताच येत नाही आणि उगाच एकमेकांवर संशय येतो. पॅकिंगच्या मावशींना स्क्रीन मराठीत दिसते का, ते सॉफ्टवेअर घेण्याआधी विचारा. दुकानदारांकडे मोठा माल जात असेल तर ई-वे बिल (माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन कागद) निघतं का, हेही विचारा. राज्याबाहेर ५० हजारांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर ते लागतं. उलाढाल ५ कोटींच्या पुढे असेल तर ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिलही.

रंगीत तालीम

सगळं एकदम चढवू नका. आधी पाच वस्तू आणि दहा गिऱ्हाइकं भरा, स्क्रीनवर प्रत्येक रकाना फाईलशी ताडून पाहा. मग मागच्या महिन्यातल्या खऱ्या वीस ऑर्डरी निवडा आणि त्यांत अवघड मुद्दाम घ्या: एक परत आलेली, एक अर्धी रद्द झालेली, एक उधारीची, एक फराळाच्या डब्याची, एक पेटीतली, एक गोव्याची. त्या सॉफ्टवेअरमधून शेवटपर्यंत न्या. साठा बरोबर वजा झाला का, कर बरोबर लागला का, लेबलवर पत्ता पूर्ण आला का. मावशींच्या हाताने करून घ्या, आपण बाजूला उभं राहायचं. त्या जिथे अडखळतील तिथे आपली मांडणी चुकलेली असते.

चालू केल्यावर पंधरा दिवस वहीही लिहा. कामाचा बोजा दुप्पट होतो, तरी लिहा. रोज संध्याकाळी तीन गोष्टी जुळवा: आलेल्या ऑर्डरी, गेलेली पार्सलं, आलेले पैसे. त्यानंतर कोणत्याही पाच वस्तू निवडून फळीवर जाऊन मोजा. फरक निघाला तर त्याच दिवशी कारण शोधा, दुसऱ्या दिवशी ते सापडत नाही. आमच्याकडे तिसऱ्या संध्याकाळी कांदा-लसूण मसाल्याचे चार पुडे कमी आले. ऑर्डरी, लेबलं, सगळं बरोबर होतं. शेवटी आई म्हणाली, "अरे, दुपारी आत्या आली होती, तिला दिलेत मी." तेव्हापासून साठा कमी होण्याच्या कारणांत विक्री, खराब आणि नमुना यांच्या खाली ‘घरी दिले’ हे चौथं कारण आहे, आणि ते भरायला आईच्या फोनवर वेगळं लॉगिन आहे.